हातातोंडाशी आलेली विजेतेपदे : फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉल संघ, १९८७ ते १९९२

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हुकलेल्या विजेतेपदांचा विषय निघाला की फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या चाहत्यांना फार आठवावे लागत नाही. १९८७ ते १९९२ या सहा हंगामांत त्यांच्या संघाने, म्हणजे सिमिनोल्सनी, ६४ सामने जिंकले आणि फक्त ९ गमावले. सहाही वर्षे हा संघ असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या अंतिम क्रमवारीत पहिल्या चारांत होता, पण पहिला एकदाही आला नाही. त्या नऊ पराभवांपैकी पाच मायामी विद्यापीठाने केलेले होते आणि त्या पाचांपैकी तीन सामन्यांतील फरक अनुक्रमे एक, एक आणि तीन गुणांचा होता. या सहा वर्षांची सारी हळहळ चाहत्यांच्या बोलण्यात ‘वाइड राइट’ या दोन शब्दांत गोळा झाली आहे. चेंडू गोलखांबांच्या उजवीकडून बाहेर गेला, एवढाच त्यांचा अर्थ. ही आठवण खरी असली तरी अपुरी आहे, आणि तिच्यामुळे दोन किकरांच्या माथी त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक दोष गेला आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक हंगाम त्याच्या शेवटापर्यंत तपासून पाहिला तर विजेतेपद खऱ्या अर्थाने हातातून गेले ते वेगळ्याच दिवशी, असे दिसते.

अमेरिकन फुटबॉलशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी काही गोष्टी आधी सांगणे भाग आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेला की टचडाउन होतो, त्याचे सहा गुण मिळतात. त्यानंतर संघापुढे दोन पर्याय असतात: जवळून किक मारून सहसा हमखास मिळणारा एक गुण घ्यावा, किंवा तीन यार्डांच्या रेषेवरून चेंडू पुन्हा गोलक्षेत्रात नेऊन दोन गुण मिळवण्याचा धोका पत्करावा. सामना चालू असताना चेंडू उभ्या खांबांमधून किक मारून धाडला तर तीन गुण मिळतात, तो फील्ड गोल. ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळात महाविद्यालयीन सामन्यांना जादा वेळ नसे, तो १९९६ च्या हंगामापासून आला; तोवर बरोबरी झाली की सामना बरोबरीतच संपे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेतेपदासाठी बाद फेरीची स्पर्धाच नव्हती. हंगामाअखेर निवडक संघ वेगवेगळ्या ‘बोल’ सामन्यांत खेळत आणि मग पत्रकारांच्या व प्रशिक्षकांच्या स्वतंत्र मतदानातून पहिला क्रमांक ठरे. एखादा पराभव पदरी असलेल्या संघाला विजेतेपद मिळतच नसे असे नाही, पण त्यासाठी इतर सगळ्यांनीही कुठेतरी ठेच खावी लागे.

फ्लोरिडा स्टेट हे १९४७ पर्यंत केवळ महिलांचे महाविद्यालय होते. तिथे पुरुषांना प्रवेश मिळाला त्याच वर्षी फुटबॉल संघ उभा राहिला. त्यामुळे शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या विद्यापीठांच्या पंक्तीत हा संघ नवखाच होता. १९७६ मध्ये बॉबी बाउडन प्रशिक्षक म्हणून टॅलाहासीला, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, आले तेव्हा मागच्या तीन हंगामांत मिळून संघाने ४ सामने जिंकले होते आणि २९ गमावले होते. कोणत्याही परिषदेचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, सदस्यत्व नसलेल्या या संघाला मोठ्या मैदानांवर बोलावणे यावे म्हणून बाउडन कुणाच्याही घरी जाऊन खेळायला तयार असत. १९८१ मध्ये त्यांच्या संघाने नेब्रास्का, ओहायो स्टेट, नोटर डेम, पिट्सबर्ग आणि लुइझियाना स्टेट या पाच बलाढ्य संघांशी त्यांच्या त्यांच्या मैदानावर ओळीने पाच सामने खेळले आणि त्यांपैकी तीन जिंकले. या धाडसामुळे संघाचे नाव देशभर झाले, पण अवघड वेळापत्रकाची सवयही लागली. वर्षाकाठी मायामी आणि फ्लोरिडा विद्यापीठ (पुढे नुसते ‘फ्लोरिडा’) या राज्यातल्याच दोन प्रतिस्पर्ध्यांशी गाठ ठरलेली होतीच. मायामीचा संघ १९८३ पासून १९९१ पर्यंत चार वेळा विजेता ठरला. म्हणजे देशातला त्या काळचा सर्वांत प्रबळ संघ सिमिनोल्सच्या वेळापत्रकात दर वर्षी असे, आणि बहुतेक वेळा हंगाम निम्म्यावर येण्याआधीच असे.

पहिला प्रसंग ३ ऑक्टोबर १९८७ चा, टॅलाहासीच्या डोक कॅम्पबेल स्टेडियममधला. तिसऱ्या सत्रात फ्लोरिडा स्टेट १९–३ असा पुढे होता. त्यानंतर मायामीने दोन टचडाउन केले आणि दोन्ही वेळा एका गुणाची किक नाकारून दोन गुणांचा प्रयत्न केला. दोन्ही प्रयत्न साधले आणि गुणफलक १९–१९ झाला. सामना संपायला अडीच मिनिटेही उरली नसताना मायकेल अर्विनने ७३ यार्डांचा टचडाउन करून मायामीला २६–१९ असे पुढे नेले. एवढे होऊनही सिमिनोल्स खचले नाहीत. ४२ सेकंद बाकी असताना डॅनी मॅकमॅनसने रॉनल्ड लुईसकडे १८ यार्डांचा टचडाउन पास टाकला आणि गुण झाले २६–२५. आता एक किक मारली की बरोबरी. बाउडन यांच्या मनात आधी किकच होती, पण समोर विजयासाठी आसुसलेले आपले खेळाडू पाहून त्यांनी विचार बदलला आणि दोन गुणांसाठी डाव टाकला. मॅकमॅनसने पॅट कार्टरच्या दिशेने टाकलेला चेंडू मायामीच्या बब्बा मॅकडॉवेलने उडवून लावला.

त्यानंतर त्या हंगामात सिमिनोल्स एकही सामना हरले नाहीत. फ्लोरिडाला त्यांनी २८–१४ असे हरवले, फिएस्टा बोलमध्ये नेब्रास्कावर ३१–२८ अशी मात केली आणि ११ विजय व १ पराभव अशा कामगिरीसह दुसऱ्या क्रमांकावर हंगाम संपवला. पहिला क्रमांक मायामीचा होता, कारण त्यांनी ऑरेंज बोलमध्ये अपराजित ओक्लाहोमाला २०–१४ असे नमवले. त्या एका पासने दोन गुण दिले असते तर फ्लोरिडा स्टेट अपराजित राहिला असता, ओक्लाहोमासमोर उभे राहण्याचा पहिला मान त्याचाच असता आणि मायामीच्या खात्यावर एक पराभव लागला असता. पुढच्या पाच वर्षांतील एकाही हुकलेल्या संधीबाबत इतके सरळ विधान करता येत नाही. म्हणूनच माझ्या लेखी खरे गमावलेले विजेतेपद १९८७ चे आहे.

बाउडन यांचा निर्णय बरोबर होता का, यावर जुने चाहते आजही तावातावाने बोलतात. बरोबरी घेतली असती तर दोन्ही संघ अपराजित राहू शकले असते आणि निवाडा मतदारांकडे गेला असता. १९६६ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध १०–१० अशी बरोबरी स्वीकारूनही नोटर डेम विजेता ठरला होता, हा दाखला किकच्या बाजूचे लोक देतात. दुसऱ्या बाजूला नेब्रास्काच्या टॉम ऑसबर्न यांचे उदाहरण आहे. १९८३ च्या हंगामाअखेर ऑरेंज बोलमध्ये याच मायामीविरुद्ध, बरोबरीने विजेतेपद मिळण्याची चांगली शक्यता असताना, त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला, तो फसला आणि नेब्रास्का ३१–३० असा हरला; तरीही त्या निर्णयाबद्दल ऑसबर्न यांचा आदर वाढलाच. माझा कौल बाउडन यांच्या बाजूने आहे. १९–३ वरून मागे पडलेल्या आणि तरीही शेवटच्या मिनिटात परत उभ्या राहिलेल्या संघाला घरच्या मैदानावर बरोबरीसाठी किक मारायला सांगणे सोपे नव्हते. शिवाय फ्लोरिडा स्टेट हे तेव्हा जुन्या मातब्बर संघांइतके मोठे नाव नव्हते. मतदारांनी बरोबरीतल्या दोघांपैकी त्याला झुकते माप दिले असते असे मानायला फारसा आधार नाही. बरे, बाउडन यांच्या बाबतीत हा पहिलाच अनुभव नव्हता. १९८० च्या हंगामात संघ मायामीकडून १०–९ आणि ऑरेंज बोलमध्ये ओक्लाहोमाकडून १८–१७ असा हरला होता, आणि दोन्ही निकाल दोन गुणांच्या प्रयत्नावर फिरले होते: एकदा सिमिनोल्सचा फसला, एकदा ओक्लाहोमाचा साधला. संपूर्ण हंगामात दोन पराभव, आणि दोन्ही मिळून फरक दोन गुणांचा!

१९८८, १९८९ आणि १९९० या तीन वर्षांची कहाणी थोडक्यात सांगता येते. १९८८ मध्ये हंगामापूर्वीच्या क्रमवारीत संघ पहिला होता, खेळाडूंनी उत्साहाच्या भरात एक रॅप गाणेही चित्रित केले होते, आणि पहिल्याच सामन्यात मायामीने त्यांना ३१–० असे धुवून काढले. उरलेले अकराही सामने जिंकून संघ तिसरा आला. १९८९ मध्ये नेमके उलटे झाले. सुरुवातीचे दोन्ही सामने, सदर्न मिसिसिपी आणि क्लेम्सनविरुद्धचे, हातचे गेले. मग सलग दहा विजय मिळाले आणि त्यांत मायामीवरचा २४–१० असा विजयही होता. तरी त्या वर्षीचा विजेता मायामीच. ज्या वर्षी मायामीला हरवले त्या वर्षी सिमिनोल्सच्या खात्यावर आधीच दोन पराभव होते, हे जुन्या चाहत्यांना अजून सलते. १९९० मध्ये मायामी आणि ऑबर्न या दोघांकडून हार पत्करावी लागली आणि चौथा क्रमांक मिळाला.

१९९१ चा संघ अनेकांच्या मते बाउडन यांनी तोवर घडवलेला सर्वोत्तम संघ होता. हंगामापूर्वी पहिला क्रमांक, मग मिशिगनच्या मैदानावर मिशिगनविरुद्ध ५१–३१ असा विजय, आणि १६ नोव्हेंबरला, दहाही सामने जिंकलेल्या अवस्थेत, टॅलाहासीत मायामीशी गाठ. क्रमवारीत पहिला विरुद्ध दुसरा असा हा सामना होता. चौथे सत्र सुरू झाले तेव्हा फ्लोरिडा स्टेट १६–७ असा पुढे होता. मायामीने एक फील्ड गोल केला आणि सुमारे तीन मिनिटे उरली असताना टचडाउन व किक यांच्या जोरावर १७–१६ अशी आघाडी घेतली. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, केसी वेल्डनने संघाला मायामीच्या १७ यार्डांच्या रेषेपर्यंत आणले. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता. जेरी थॉमसने ३४ यार्डांवरून किक मारली. चेंडूला उंची होती, अंतरही पुरेसे होते, पण तो उजव्या खांबाच्या जेमतेम बाहेरून गेला.

या किकची एक बाजू तपशिलात पाहण्याजोगी आहे. १९९१ च्या हंगामापासूनच महाविद्यालयीन फुटबॉलमधील गोलखांबांमधले अंतर २३ फूट ४ इंचांवरून १८ फूट ६ इंच केले गेले होते. म्हणजे एकूण ४ फूट १० इंच रुंदी गेली, प्रत्येक बाजूला २९ इंच. आदल्या वर्षीच्या खांबांमध्ये तो चेंडू आत गेला असता, असे फ्लोरिडा स्टेटचे चाहते गेली तीस-पस्तीस वर्षे सांगत आले आहेत, आणि चित्रफीत पाहिल्यावर ते म्हणणे अवास्तव वाटत नाही. नियम सर्वांनाच सारखा होता, त्यामुळे ही काही अन्यायाची तक्रार होऊ शकत नाही. मात्र थॉमसने त्या दिवशी त्याआधी तीन फील्ड गोल आणि टचडाउननंतरचा एक गुण असे दहा गुण याच अरुंद खांबांमधून मिळवून दिले होते. संघाच्या सोळापैकी दहा गुण एकट्या किकरचे होते. सामना शेवटच्या किकवर आलाच का, याचे उत्तर किकरपेक्षा आक्रमण फळीकडे अधिक मागायला हवे होते. मायामीच्या हद्दीत वारंवार पोचूनही त्या फळीने टचडाउन एकच केला होता. ज्याने संघाला आघाडीवर ठेवले त्याचेच नाव पराभवाशी कायमचे जोडले जावे, हे मला आजही पटत नाही.

आणि ती किक आत गेली असती तरी पुढे काय? दोन आठवड्यांनी सिमिनोल्स गेन्सव्हिलला फ्लोरिडाकडून १४–९ असे हरले. मायामी आणि वॉशिंग्टन हे दोन्ही संघ त्या वर्षी प्रत्येकी बारा विजयांसह अपराजित राहिले आणि दोन मतदानांतून दोघेही विजेते ठरले. मायामीचा पराभव झाला असता तरी वॉशिंग्टन होताच. फ्लोरिडाविरुद्धची हार हा मायामीच्या जखमेचाच परिणाम होता, असा युक्तिवाद चाहते करतात, आणि मन खचलेल्या संघाचा खेळ पाहिलेल्या माणसाला तो पटूही शकतो. पण मानसिक धक्क्याचा हिशोब गुणफलकावर मांडता येत नाही. इतके मात्र नक्की म्हणता येते की थॉमसच्या किकने एक सामना गेला, विजेतेपद गमावायला आणखी एक पराभव लागला.

१९९२ चा प्रसंग चाहत्यांच्या आठवणीत याहूनही अधिक गुळगुळीत झाला आहे. त्या वर्षी संघ अटलांटिक कोस्ट परिषदेत सामील झाला होता. योगायोगाने तारीख पुन्हा ३ ऑक्टोबर होती, मैदान मायामीचे. टॅमेरिक व्हॅनोव्हरने सामन्याच्या पहिल्याच किकऑफवर चेंडू झेलून थेट टचडाउन केला. त्यानंतर फ्लोरिडा स्टेटला एकही टचडाउन करता आला नाही. उरलेले सारे गुण किकर डॅन माउरीच्या पायातून आले. सुमारे सात मिनिटे असताना मायामीने टचडाउन करून १७–१६ अशी आघाडी घेतली. मग मायामीने दूर लाथाडलेला चेंडू, म्हणजे पंट, स्वतःच्या गोलरेषेजवळ झेलल्यावर सिमिनोल्सकडून चूक झाली आणि मायामीला सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा डाव त्याच्याच गोलक्षेत्रात संपल्याबद्दलचे, दोन गुण मिळाले. गुण झाले १९–१६. शेवटच्या काही सेकंदांत माउरीची ३९ यार्डांची किक उजवीकडे गेली, आणि लोकांना आठवते ती ही किक. पण सेफ्टीचे ते दोन गुण गेले नसते तर हीच किक विजयाची ठरली असती. ते गेल्यामुळे ती आत जाऊनही फक्त बरोबरी झाली असती. त्या दोन गुणांविषयी फारच कमी बोलले जाते. शिवाय त्या वर्षीचा विजेता मायामी नव्हताच: अलाबामाने शुगर बोलमध्ये मायामीला ३४–१३ असे लोळवले आणि तेरापैकी तेरा सामने जिंकून पहिला क्रमांक घेतला. फ्लोरिडा स्टेट दुसरा आला. बरोबरी झाली असती तर अलाबामासमोर कोण उभे राहिले असते आणि काय घडले असते, हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

‘पण तो मायामीशी खेळला’ असे आपल्या थडग्यावर कोरले जाईल, अशा आशयाचे बाउडन स्वतः म्हणत. वेळापत्रक बदला असे सुचवणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती. मायामीशी खेळणे थांबवले असते तर १९८७, १९८८ आणि १९९२ या तीन वर्षी संघ अपराजित दिसला असता, कारण त्या तिन्ही हंगामांत त्याला हरवणारा दुसरा कुणीच नव्हता. तसे त्यांनी केले नाही, आणि चाहत्यांच्या मनात बाउडन यांच्याविषयी जी माया आहे तिचे एक मोठे कारण हे आहे.

१९९३ मध्ये विजेतेपद अखेर आले, आणि ते ज्या रीतीने आले त्यामुळे मागच्या वर्षांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हवी होती. मायामीला २८–१० असे हरवल्यावर १३ नोव्हेंबरला सिमिनोल्स नोटर डेमकडून ३१–२४ असे हरले. पुढच्याच शनिवारी बोस्टन कॉलेजने अखेरच्या क्षणी ४१ यार्डांचा फील्ड गोल मारून नोटर डेमला ४१–३९ असे चकवले आणि फ्लोरिडा स्टेटसाठी दार पुन्हा उघडले. ऑरेंज बोलमध्ये नेब्रास्काविरुद्ध, २१ सेकंद उरले असताना, प्रथम वर्षाच्या स्कॉट बेंटलीने जवळून फील्ड गोल करून १८–१६ अशी आघाडी मिळवली. याच बेंटलीची टचडाउननंतरची साधी एका गुणाची किक आधी चुकली होती, पण ती आज कुणाला आठवत नाही. नेब्रास्काला शेवटच्या सेकंदात ४५ यार्डांची किक मिळाली. ती डावीकडे गेली. मतदारांनी फ्लोरिडा स्टेटला पहिला क्रमांक दिला; त्यांना हरवणारा आणि त्यांच्याइतकेच पराभव असलेला नोटर डेम दुसरा ठरला. १९८७ मधील एक पराभव महाग पडला आणि १९९३ मधील एक पराभव माफ झाला. दोन्ही वर्षी सिमिनोल्सचा दर्जा एकाच जातीचा होता, इतर मैदानांवरचे निकाल वेगळे लागले.

हे सारे चाहत्यांनी नव्याने उगाळायला घेतले ते २०२३ च्या डिसेंबरात. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकून आपल्या परिषदेचे अजिंक्यपद मिळवले होते. तोवर विजेता ठरवण्यासाठी चार संघांची बाद फेरी आलेली होती, पण ते चार संघ निवड समितीच ठरवत असे. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाल्यामुळे संघ आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे मानून समितीने त्याला पाचवा ठरवले आणि एक पराभव असलेल्या टेक्सास व अलाबामाला आत घेतले. प्रमुख परिषदेचा अपराजित विजेता त्या स्पर्धेबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर अनेक प्रमुख खेळाडूंविना खेळलेल्या ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३–३ असा दणदणीत विजय मिळवला, आणि समितीचे समर्थक त्याकडे बोट दाखवू लागले.

या निर्णयानंतर जुन्या आठवणींची प्रतवारी बदलल्याचे जाणवते. ज्यांनी आयुष्यभर थॉमस आणि माउरी यांच्या किकांवर बोट ठेवले होते, त्यांच्याही बोलण्यात आता मतदार, वेळापत्रक आणि निवड समिती येतात. २०२३ मध्ये दोष द्यायला किकरच नव्हता. मैदानावर करायचे ते सगळे करूनही संघ बाहेर राहिला होता. २०२४ पासून बाद फेरीत बारा संघ घेतले जातात. त्या हिशोबाने १९८७ ते १९९२ मधील सहाही संघांना त्या फेरीत जागा मिळाली असती, १९८९ चा दोन पराभवांनी सुरू झालेला संघही त्यात आला. ऑक्टोबरातला एका गुणाचा पराभव त्यांना इतका नडला नसता. आता त्या बाद फेरीत कुठेतरी मायामी पुन्हा समोर आला असता, हेही तितकेच संभवते, आणि त्या सामन्याबद्दल पैज लावायला मी तयार नाही.